समोरच्या गॅलरीतल्या बाई

माझा उजवा खांदा आखडला तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, ओले कपडे घेऊन हात वर न्यायचा नाही, दुखणं वाढेल. हे नुकतेच रिटायर झालेले. म्हणाले, "अगं, त्यात काय? मी वाळत घालतो."

मी आधी समोरच्या गॅलरीकडे पाहिलं. जेसल पार्कात आमच्या इमारती इतक्या जवळजवळ, की समोरच्या घरातली फोडणी कसली तेही कळतं. समोर एक गुजराती बाई राहतात. साठीच्या, कायम नीटनेटक्या. आमची साधी ओळखही नव्हती, पण त्या मनात काय म्हणतात ते मला शब्दन् शब्द ऐकू यायचं. 'नवऱ्याला परकर वाळत घालायला लावते!' मी ह्यांना गॅलरीत पाऊल टाकू दिलं नाही.

"खांदा तुझा आहे की त्यांचा?" हे चिडायचे. मी कसली ऐकतेय! रोज आधी समोर बघायचं, त्या नाहीत अशी खात्री करायची आणि कळ सोसत कपडे टाकायचे. शेवटी स्वतःची वेणी घालता येईना, तेव्हा मला रडू कोसळलं.

एकदा मी खांद्याच्या व्यायामाला गेलेली असताना ह्यांनी डाव साधला. रिक्षातून उतरून वर पाहते, तर हे भर उन्हात माझी साडी झटकतायत. मेलेच! आणि गेटवर नेमक्या समोरच्या बाई उभ्या.

"बेन," त्या हळूच म्हणाल्या, "एक बात पूछूँ? आपको बुरा लगता है क्या?"

"किस बात का?"

"मैं ट्रॅकपँट पहनके खाडी पे चलने जाती हूँ ना. आप रोज हमारी गॅलरी में देखती हो. मेरे को लगा, बोलती होंगी, इस उमर में ये क्या! इसलिए मैं वो बाथरूम में सुखाती हूँ. सूखती नहीं, बास आती है."

या बाईंच्या डोक्यात बसून मी काय काय बोलत होते, मलाच पत्ता नव्हता. मग मला जे हसू फुटलं! कित्येक दिवसांत इतकं हलकं वाटलं नव्हतं.

"बाहर सुखाओ," मी म्हटलं. "धूप में."

"सच्ची?"

"एकदम सच्ची."

वर गेले. हे रिकामी बादली घेऊन भांडणाच्या तयारीत उभे.

"अहो," मी म्हटलं, "परकर साडीमागे कशाला लपवलेत? पुढच्या दोरीवर टाका, तिथे ऊन आहे."