पगारी गोलकीपर

माझे थोरले मामा गोदीत वेल्डर होते. आठवडाभर जहाजाच्या पोटात वाकून जोडकाम करायचं आणि रविवारी गोदीच्या संघाचा गोल राखायचा. उंची अशी, की गोदीत त्यांना सगळे खांबच म्हणत.

त्या काळी देशातली सगळ्यात वरची लीग म्हणजे गोदी, गिरण्या, पोलीस, वीज मंडळ अशांच्या संघांची. रविवारी सामना, सोमवारी कामावर हजर. मग फुटबॉल संघटनेने ठरवलं, वरची लीग आता व्यावसायिक. खेळण्याचाच पगार देईल तो क्लब आत, बाकीचे खालच्या लीगमध्ये. गोदीचा संघ एका फटक्यात खाली गेला. शहरात नव्याने निघालेल्या क्लबने मामांना बोलावलं, तेही दुसरा गोलकीपर म्हणून. वय तिशी ओलांडलेलं, नोकरी कायमची, पदरी दोन मुली.

हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस, एवढं बोलून आजोबांनी पेपर उघडला. मामांनाही ते पटलं. नकार कळवायला ते चपला घालत होते, तेव्हा मामी शिलाई मशीनवरून न उठताच म्हणाली, "वेल्डिंग काय, पन्नाशीतही कराल. तेव्हा गोलात कोण उभं करणार आहे तुम्हाला?"

मामा निघाले ते क्लबला होकार देऊन आले. गोदीत मात्र कुणाला काही बोलले नाहीत, गुपचूप राजीनामा ठेवून बाहेर पडले. त्यांचा एक जोडीदार होता. शेजारी उभा राहून वेल्डिंग करणारा आणि संघात बॅकला खेळणारा. त्याला ही बातमी दुसऱ्याकडून कळली. त्याने बोलणं टाकलं.

पहिलं वर्ष मामांनी बाकडं तापवलं. दुसऱ्या वर्षी पहिल्या गोलकीपरचा खांदा निखळला आणि मामा मैदानात उतरले. गोलामागे गोदीची माणसं येऊन बसली होती, जोडीदार सगळ्यांत पुढे. चेंडू मामांच्या हातात आला रे आला, की हुर्यो. मामांनी तीन गोल खाल्ले, त्यातला एक तर पायांमधून. घरी आल्यावर जेवले नाहीत. मामीने ताट झाकून ठेवलं.

पुढच्या सामन्याला ते पुन्हा उभे राहिले. हळूहळू हात बसला, हुर्यो करणारेही कंटाळले. त्यानंतरचा अख्खा हंगाम मामांनी जागा सोडली नाही. मग क्लबने विशीतला एक पोरगा आणला आणि मामांचा करार तिथेच संपला.

मामा गोदीच्या फाटकाशी गेले. जोडीदार तोवर फोरमन झाला होता. त्याने त्यांना आत नेऊन चहा पुढे केला.

"तू गेलास त्याचं काही नाही," तो म्हणाला. "सांगून गेला असतास तर पोचवायला आलो असतो आम्ही."

"तुम्ही अडवाल अशी भीती होती," मामा म्हणाले. "आणि मी थांबलोही असतो."

फोरमनने त्यांना हंगामी कामगार म्हणून घेतलं, अगदी तळापासून. ज्यांना मामांनी वेल्डिंगची टॉर्च धरायला शिकवलं होतं, ती पोरं आता त्यांना कामं सांगत. मामांनी ते मुकाट्याने केलं, काही वर्षांनी पुन्हा कायम झाले आणि तिथूनच निवृत्त झाले.

हल्ली ते लीगचे सामने टीव्हीवर बघतात. मी एकदा विचारलं, पस्तावा होतो का?

"कशाचा?" मामा म्हणाले. "बाकड्यावर बसलो त्याचा पगार मिळाला, गोल खाल्ले त्याचाही मिळाला. गोदीत एक जोड चुकला तर सगळं पुन्हा करायला लावतात."