डाग पाहून दवा

कडूबा परीट मूळचा कुंभार पिंपळगावचा. लग्नानंतर तो जालन्याला आला, मस्तगड भागात एक खोली घेतली आणि कुंडलिका नदीच्या काठावर लोकांची धोतरं-लुगडी धुऊ लागला. गालिचा नावाची वस्तूही कुणी धुवायला देतं, हे त्याच्या गावीही नव्हतं. पण पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आणि काही बड्या हवेल्यांतलं सामान बाजारात आलं. वकिलांनी, जिनिंगवाल्या शेठांनी त्यातले गालिचे घेऊन दिवाणखान्यात अंथरले. मग त्यांवर चहा सांडू लागला, दिव्याचं तेल सांडू लागलं, आणि साहजिकच परटाला बोलावणी येऊ लागली.

कडूबा रिठ्याच्या पाण्यानं गालिचे धुवायचा. वरवरचा मळ निघायचा, डाग मात्र तसाच राहायचा. असं एक-दोन वर्षं चाललं.

मग वामनराव वकिलांच्या घरचा गालिचा आला. गर्द लाल, मऊ लवेचा. वामनरावांच्या पत्नी शरयूबाई यांना तो वडिलांनी दिलेला. त्यावर दौत कलंडून मधोमध शाईचा मोठा डाग पडला होता. कडूबानं रिठा लावून पाहिला, साबण लावून पाहिला. शेवटी विहिरीत टाकायची ब्लीचिंग पावडर त्यानं पाण्यात कालवली आणि डागावर ओतली. तिनं सुती धोतर बगळ्यासारखं पांढरं होतं, मग गालिचा का होणार नाही, असा त्याचा साधा हिशेब.

सकाळी पाहतो तो डाग गेलेला, पण तिथली लोकर पिवळी पडून डिंकासारखी चिकट झालेली. हात लावला की लवेचे पुंजके हातात येत होते.

कडूबानं ते पुंजके बायकोपुढं धरले. "उषे, बोरीबिस्तर बांध. आता या गावात तोंड दाखवायची सोय न्हाई."

उषाबाईनं गालिचा गुंडाळायला घेतला. मग म्हणाली, "जायचं तर जाऊ. पण आधी त्यांची चीज त्यांना देऊन येऊ. म्या बी येते संगं."

दोघांनी गालिचा डोक्यावर घेऊन वकिलांचं घर गाठलं. शरयूबाईंनी तो उलगडला, उजाड झालेल्या जागेवरून हात फिरवला. सुटलेला एक पुंजका चिमटीत धरून पाहिला. कडूबाला वाटलं, यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"काय घातलं होतं?" त्यांनी विचारलं.

"इहिरीतली पावडर, बाईसाहेब. मला वाटलं, धोतराला चालती तर..."

"उद्या सकाळी इथं या. माझ्या भावाकडे जायचंय."

कडूबा घरी आला तो हबकूनच. "वकिलाचा मेव्हणा म्हंजी फौजदारच असणार. भावाकडं म्हंजी चौकीवर," तो उषाबाईला सांगत राहिला. पण शरयूबाईंचे भाऊ श्रीपतराव पोलिसात नव्हते. बाजारात त्यांचं औषधांचं दुकान होतं. शरयूबाई स्वतः कडूबाला घेऊन तिथं गेल्या. भावाला एवढंच म्हणाल्या, "दादा, यांचा हात मेहनतीचा आहे. कशाला काय लावायचं ते कुणी सांगितलंच नाही यांना. तू सांग."

श्रीपतरावांनी कडूबाला आत बोलावलं, बसायला स्टूल दिलं. गालिच्याचे चार धागे काचेच्या बशीत ठेवून त्यांवर ब्लीचिंगचं पाणी टाकलं. दुसऱ्या बशीत सुताचा धागा. थोड्या वेळानं सूत होतं तसंच होतं, लोकर मात्र विरघळायला लागली होती.

"बघितलंस? लोकर म्हणजे मेंढीचे केस. आपल्या डोक्याला जे लावणार नाहीस, ते तिला लावायचं नाही. आधी कापड ओळखायचं, मग डाग ओळखायचा, आणि शेवटी दवा निवडायची. आणि कुठलीही दवा आधी कोपऱ्यात, उलट्या बाजूनं, टिंबाएवढी लावून बघायची."

त्या दिवसापासून दुपारी दुकान रिकामं असलं की कडूबा तिथं जाऊन बसू लागला. शाईला आणि गंजाला ऑक्झॅलिक ॲसिड, तेही पातळ करून, आणि नंतर भरपूर पाणी. तेलाला आधी मुलतानी माती, मग बेंझिन, पण जवळ चूल-बिडी बिलकुल नको. चहाला आंबट सिरका. तेलकट चिकटपणाला अमोनिया. रक्ताला फक्त थंड पाणी, कढत लावलं की डाग कायमचा बसला. कडूबाला वाचता येत नव्हतं, आणि बाटल्या सगळ्या सारख्याच दिसायच्या. म्हणून उषाबाईनं प्रत्येक बाटलीच्या गळ्यात वेगळ्या रंगाचा दोरा बांधला. ऑक्झॅलिकला काळा, कारण ते विषारी. ती बाटली तिनं पोरांचा हात पोचणार नाही अशा उंच फळीवर ठेवली.

हळूहळू कडूबाचं नाव झालं. राजूरच्या गणपतीला जाणारे शेठही वाटेत गालिचा टाकून जाऊ लागले.

मग वकिलांच्या मुलीचं, रजनीचं लग्न निघालं. हळदीच्या दिवशी कुणाचा तरी धक्का लागून तेलात कालवलेल्या हळदीची वाटी शेजाऱ्यांकडून आणलेल्या फिकट गालिच्यावर उपडी झाली. कडूबाला तातडीनं बोलावणं गेलं. त्यानं गालिचा घरी आणला, मुलतानी मातीनं तेल ओढून घेतलं. उरलेल्या चिकटपणासाठी अमोनियाचा बोळा फिरवला मात्र, पिवळा डाग लालभडक झाला.

कोपऱ्यात लावून बघितलं होतं, पण कोपऱ्यात हळद कुठली असणार! तो गालिचा डोक्यावर घेऊन तसाच श्रीपतरावांच्या दुकानात पळाला, मागोमाग उषाबाई. श्रीपतराव डाग न्याहाळत विचारात पडले.

"हे तर कुंकू झालं," उषाबाई म्हणाली. "आमची आजी हळदीला चुना लावून असंच करायची."

श्रीपतरावांनी कपाळावर हात मारला. "बरोबर! अमोनियानं चुन्याचंच काम केलं. मग आता आंबट काहीतरी पाहिजे." त्यांनी सिरक्याची बाटली काढली. दोन बोळे फिरले आणि लाल डाग पुन्हा पिवळा झाला. तिघंही हसले.

उरला पिवळा डाग. हळद उन्हात उडते हे उषाबाईला ठाऊक होतं, पण सगळा गालिचा उन्हात टाकला तर त्याचाही रंग उडायचा. मग त्यांनी जुन्या घोंगडीला डागाएवढं भोक पाडलं आणि ती गालिच्यावर अंथरली. ऊन लागलं ते फक्त हळदीला, आणि डाग उडाला. रजनीची पाठवणी व्हायच्या आत गालिचा शेजाऱ्यांकडे परत पोचला. शरयूबाईंनी उषाबाईला चोळीचा खण दिला आणि पंगतीत आपल्या शेजारी बसवलं.

पुढं काही वर्षांनी श्रीपतराव दुकान बंद करून औरंगाबादला मुलाकडे राहायला निघाले. कडूबा आणि उषाबाई भेटायला गेले. काय बोलायचं ते कडूबानं वाटेत घोकलं होतं, पण समोर गेल्यावर सगळं विसरला.

"भाऊसाहेब," तो म्हणाला, "त्या दिशी म्या गाव सोडून चाल्लो व्हतो. बाईसाहेबांनी तुमच्याकडं आणलं, तुम्ही स्टूल दिलं. तवर कुठल्याच दुकानात मला कुणी बसा म्हणलं नव्हतं."

"अरे, मलाही दुपारी कुणी बोलायला नसायचं," श्रीपतराव म्हणाले.

उषाबाईनं पदराआडून बाजरीच्या वाळवलेल्या खारोड्यांची पुरचुंडी काढून त्यांच्या हातात दिली. तिघांनी चहा घेतला. मग कडूबानं त्यांची वळकटी खांद्यावर घेतली आणि स्टेशनपर्यंत पोचवायला निघाला.