आडव्या बाटलीनंतर

रेणापूरकडून आमच्या गावात शिरलं की पहिलं घर आमचं, आणि दारासमोर देशी दारूचं दुकान. घर विकायला काढलं तर गिऱ्हाईक समोर बघायचं आणि पाणीही न पिता परत जायचं. शेवटी आम्ही पुढचं दार कायमचं लावून टाकलं आणि परसातून ये-जा सुरू केली. स्वतःच्याच घरात चोरासारखं शिरायचं, याचा मला भयंकर संताप यायचा. बाहेर रोज काहीतरी पेटायचंच. ग्लासावरून, बसायच्या जागेवरून, कुणी कुणाकडं बघितलं यावरून. एकदा तर दारासमोरून वरात जाताना हाणामारी झाली आणि नवरदेवाचंच डोकं फुटलं.

परसाला लागून शेजारणीचं घर. तिचा नवरा त्या दुकानाचं नेमाचं गिऱ्हाईक. तो परतला की भिंतीपलीकडून आधी भांडी ऐकू यायची, मग ती. सकाळी नळावर ती पदर पुढं ओढून उभी राहायची आणि आम्ही सगळ्या घागरीत बघायचो. दिवेलागणीला तो दुकानात गेला, की ती माझ्या स्वयंपाकघरात यायची. भाकरी थापता थापता सासूच्या, सरपंचाच्या, माझ्यासुद्धा नकला करायची. हसता हसता माझी भाकर करपायची.

मग गावातल्या बायकांनी दुकान बंद करायचं ठरवलं. आमच्याकडे त्यासाठी बायकांचं मतदान होतं. चिठ्ठीवर दोन बाटल्या, एक उभी, एक आडवी. गावातल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला तरच दुकान उठतं. घरी बसलेली बाई दुकानाच्याच पथ्यावर पडते. म्हणून मी संक्रांतीचं वाण देता देता प्रचार केला, विहारातल्या बायकांच्या बैठकीत बोलले, ऊसतोडीला गेलेल्यांना फोन करून करून बोलावून घेतलं. शेजारणीला विचारायची गरजच वाटली नाही. तिच्यासाठीच तर एवढा आटापिटा चालला होता.

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी ती म्हणाली, "ताई, मी उभीवर मारणार हाय."

मी तवा दाणकन खाली ठेवला. "मार कमी पडतोय का तुला?"

"दुकान हाय म्हणून तो सांजच्याला तिथं असतोय. तेवढा येळ मी माणसात असते. दुकान उठलं म्हणून तो सोडणार हाय व्हय? रेणापूरहून आणून घरात बसंल. मग मी कुठं जाऊ?"

मी तिला भित्री म्हणाले. तिनं हाताचं पीठ झटकलं आणि निघून गेली.

आडवी बाटली जिंकली. आम्ही गुलाल खेळलो, पुढचं दार उघडलं. रस्त्यावरची भांडणं खरंच थांबली, शाळेच्या पोरी बिनघोर सायकली चालवू लागल्या. हे कुणी नाकारलं तर मी त्याच्याशी भांडेन. उद्या पुन्हा मतदान झालं तरी माझा शिक्का आडवीवरच.

पण शेजारीण यायची बंद झाली. तो दिवेलागणीला गाडीवरून पिशवी आणतो आणि दार लावून घेतो. आताशा भांड्यांचा आवाजही येत नाही, टीव्ही मोठा असतो. काही दिवस वाट बघितली. मग राहवेना, तेव्हा गेले. दार त्यानंच उघडलं.

"तिला पाठवा की जरा. पापड लाटायचेत."

"कशाला, वहिनी?" तो अगदी नीट, गोड बोलत होता. "तुमीच तर मला घरात बसवलं. आता मी घरात अन् ती बाहेर, बरं दिसतंय का?"

ती त्याच्या मागंच उभी होती. ओठ सुजलेला. माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला आणि मी उंबऱ्यात पाय टाकला. तशी तिनं मान हलवली, नको. मग तीच पुढं आली, माझ्याकडं न बघता दार लोटलं, आणि आतून कडी घातली.