पाठीवरचा निळा उजेड

दुष्काळाच्या त्या सालात आमचा दिवस वाट बघण्यातच जायचा. सकाळी टँकरची, दुपारी विजेची. वीज आली की हातातलं काम टाकून मी ह्यांच्या पाठीला निळा लाइट द्यायची.

हे गावच्या दूध सोसायटीत आलेल्या दुधाचं फॅट मोजायच्या कामावर होते. सोरायसिस आधी कोपरांवर आला, मग पाठभर पसरला आणि शेवटी हातांवर उतरला. तेव्हा दूध घालायला येणाऱ्या एका बाईनं आपली कॅन मागं ओढली. हा रोग लागट नाही, हे ह्यांनी लोकांना पुष्कळदा समजावलं. पुढं समजावायचंही सोडून दिलं.

पहिले काही महिने आम्ही एक दिवस आड आष्टीवरून नगरला एस्टीनं जात होतो. तिथल्या डॉक्टरीणबाई मशीनपुढं उभं करून लाइट देत. उपचार लागू पडतोय असं दिसल्यावर त्यांनीच घरी लहान मशीन घ्यायला सांगितलं. स्वतःची पाठ ह्यांना दिसणार नव्हती, म्हणून बाईंनी सगळं मला बसवून शिकवलं. दोघांनीही काळा चष्मा घालायचा. ह्यांचं तोंड टॉवेलनं झाकायचं, चड्डी अंगावर ठेवायची. आधी मलम लावायचं नाही. मशीनपासूनचं अंतर कधी बदलायचं नाही, म्हणून मी फरशीवर खडूची रेघ मारून ठेवली होती. वेळ वाढवायची ती बाई सांगतील तेवढीच, आणि कातडी लाल दिसली तर त्या दिवशी लाइट बंद.

शेजारीण म्हणायची, "एवढं ऊन पडलंय, त्यात बसवा की. मशीन कावून पाहिजे?" मी तिला सांगायची, उन्हाला माप नसतं, ह्याला हाय. तरी एकदा ती गुडघा शेकून मागायला आलीच. हा शेक न्हाई, दुसऱ्या कुणाला लावायचा न्हाई, असं म्हणून मी तिला परत पाठवलं. त्यानंतर बरेच दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

उन्हाळा चढला तशी गावातली जनावरं कमी झाली. सोसायटीत दूध येईना, म्हणून संचालकांनी संकलन बंद केलं. आमच्या दोन म्हशी घेऊन हे पाटोद्याच्या रस्त्याला लागलेल्या चारा छावणीवर राहायला गेले. मी पाण्यासाठी घरी राहिले. लाइट सुटला.

थोरल्या दिरांनी छावणीवरची पाळी घेतली तेव्हा हे घरी आले. सदरा पाठीला चिकटला होता. तो काढताना खपल्या निघाल्या आणि खालून रक्त आलं. मी म्हटलं, बाईंना विचारल्याशिवाय मशीन लावायचं नाही, एवढा खंड पडल्यावर पुन्हा खालपासून सुरू करावं लागतं. फोन लावला तर रेंज नव्हती.

"जिथं सोडलं तिथून लाव," हे म्हणाले. "मला परत छावणीवर जायचंय."

मी नको म्हटलं. तेवढ्यात टँकर आला आणि मी घागरी घेऊन पळाले. परत आले तर हे खाटेवर पालथे पडलेले. आपल्या हातानं मशीन लावून, जुनी वेळ आणि वर थोडी जास्त, असा लाइट त्यांनी घेतला होता. म्हणाले, काही झालं न्हाई बघ. संध्याकाळपर्यंत खरंच काही दिसलं नाही. ह्या लाइटचं भाजणं उशिरा वर येतं.

सकाळी पाठ लालभडक झाली होती. सदरा सोडा, वाराही सहन होईना. मी पिण्याच्या पाण्यात फडकं बुडवून पाठीवर ठेवत होते आणि पिळलेलं पाणी घमेल्यात धरत होते. हात चालत होते, पण डोक्यात काहीच येत नव्हतं. रागावायचंही त्राण नव्हतं. दुपारी फोड दिसले तेव्हा गावाबाहेरच्या टेकाडावर जाऊन बाईंना फोन लावला. त्यांनी लगेच बोलावलं.

एस्टीत जागा होती, पण पाठ टेकवता येत नव्हती. हे नगरपर्यंत दांडी धरून उभेच होते.

बाईंनी पाठ तपासली. आवाज न चढवता त्यांनी विचारलं, "हे औषध आहे. चुकलेल्या सगळ्या गोळ्या तुम्ही एकदम खाल का?"

"न्हाई."

"मग असं का केलंत?"

हे म्हणाले, "बाई, मी लई थकलोय."

इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. माझ्यासमोर ते असं कधी बोललेच नव्हते. बाईंनी भाजल्याचं मलम लिहून दिलं आणि म्हणाल्या, छावणी संपेपर्यंत लाइटची घाई नको, तोवर नुसत्या मलमावर भागवू. मग इथं येऊन माझ्यासमोर पुन्हा सुरू करा.

तसंच केलं. कातडी सोलून निघाली. पुढं छावणी उठल्यावर नगरला नव्यानं सुरुवात झाली, आणि घरी मशीन लावायची वेळ आली तेव्हा ह्यांनी ते चालू करायची किल्ली आपणहून माझ्याकडं दिली. दिवाळीनंतर पाठ बरीच निवळली. कोपरं तशीच राहिली. सोसायटी पुन्हा सुरू झाली, पण दूध पहिल्यासारखं आलं नाही. ह्यांना सकाळपुरतं काम मिळालं.

रोग मुळापासून जात नाही, हे बाईंनी आधीच सांगितलं होतं. थंडीत तो पुन्हा वर येतो. आम्ही नगरला जातो, बाई नवी वेळ ठरवून देतात, आणि घरी मी चष्मा घालून ह्यांच्या मागं उभी राहते. आता माझेही पाय दुखतात, म्हणून भिंतीशी एक स्टूल ठेवलंय.