मी फेकू न दिलेले दाणे

चिखलीतल्या आमच्या खोलीत, पाण्याच्या पिंपाशेजारी, मामानं गावाहून धाडलेलं शेंगदाण्यांचं पोतं होतं. तळाचे दाणे ओल लागून हिरवट पडले होते. आई ते सुपात काढून फेकायला निघाली आणि मी तिला थांबवलं.

त्याच दिवशी मॅडमनी आम्हाला एक बुरशी शिकवली होती. ती विष तयार करते, पण स्वतः मरत नाही. त्या विषाच्या रेणूत गंधकाचे दोन अणू असतात. ते सुटे असले की पेशीत समोर येईल त्याला धरतात. बुरशीजवळ एक एन्झाइम असतं, त्याला विषाचा रेणू नेमका मावेल एवढी खोबण असते. तिथं ते दोन अणू एकमेकांना जोडले जातात आणि बुरशी वाचते. पडद्यावरची ती आकृती बघून मी हरखले होते. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच.

"बुरशी आपलं विष आपणच मारते," मी आईला म्हणाले. "धुऊन भाजले की झालं."

"नक्की ना? मला तर वास येतोय."

"आई, मी शिकतेय ना ते."

"शिक बाई. आमाला नाकानं कळतं तेवढंच कळतं."

सकाळी पप्पांच्या डब्यात त्याच दाण्यांची चटणी गेली.

मी वर्गात सहसा बोलत नाही. त्या दिवशी मात्र मॅडमना हे सांगायला आपणहून गेले. त्यांनी हातातली काचपट्टी खाली ठेवली.

"कुणी खाल्ले ते दाणे?"

मग त्या सावकाश बोलल्या. ते एन्झाइम बुरशीला स्वतःपुरतं वाचवतं. अणू जोडलेलं विष म्हणजे मिटलेला चाकू; बुरशी तो बाहेर टाकते, आपल्या पेशीत तो पुन्हा उघडतो. शिवाय दाण्यांवरची बुरशी वेगळी आणि तिचं विषही वेगळं. ते भाजून जात नाही.

आईला फोन करून उरलेली चटणी फेकायला लावली. पप्पांचा फोन चाकणला, कंपनीच्या गेटवर जमा. शिफ्ट सुटेपर्यंत मी दारातच बसून राहिले. ते आल्या आल्या डबा उघडला. चटणीचा कप्पा रिकामा होता.

"कडू नव्हती लागली?"

"लई कडू. शेजारच्या मशीनवरचा म्हणला, टाका राव. मी म्हणलं, पोरगी सायन्सला हाय, तिनं सांगितलंय. त्यालाबी खायला लावली."

"त्या काकांचा नंबर द्या," मी म्हणाले.

पलीकडून "बोल बेटा" आलं, तेव्हा आधी रडूच फुटलं. डॉक्टरांनी दोघांनाही तपासलं. एका वेळच्या चटणीनं बहुधा काही होणार नाही, पण पुन्हा खाऊ नका, म्हणाले.

परवा आईनं एक दाणा माझ्यापुढे धरला. "बघ गं, चालंल का?"

इतकं होऊनही तिनं मलाच विचारलं. मी तिचा हात धरून तो दाणा तिच्याच नाकाशी नेला.