दवंडीतला थोरला

माझे वडील जव्हारच्या दरबारी कचेरीत कारकून होते. दवंडीचा मजकूर त्यांनी लिहायचा आणि डफवाल्या काकांनी तो बाजारात ओरडायचा. काकांना वाचता येत नसे, म्हणून मी वाचून दाखवी आणि ते पाठ करत. त्यामुळे दरबारी भाषा मला परकर-पोलक्याच्या वयातच तोंडपाठ झाली. या भाषेत माणूस नसतोच, इसम असतो. इसमाला आई नसते, भूक नसते; वय, रंग आणि अंगावरचे कपडे तेवढे असतात. मला तेव्हा ती भाषा फार रुबाबदार वाटे.

एका वर्षी भातकापणीच्या सुमारास माझा मोठा भाऊ घर सोडून गेला. अभ्यासात त्याचं मन नव्हतं, रानात मात्र दिवसभर रमायचा. एका सकाळी वडील त्याला सगळ्यांदेखत निकामी म्हणाले. ओरडून नव्हे, कचेरीतलं जुनं दप्तर बाजूला सारावं तसं. दादाने समोरचं ताट सरकवलं आणि वहाणाही न घालता निघून गेला. वडील तेव्हा चिडले असते तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. रागात बोललेलं माणूस सोडून देतो. हे त्यांनी शांतपणे, शब्द निवडून म्हटलं होतं.

बरेच दिवस वाट पाहून वडील स्वतःच्याच मुलाची दवंडी लिहायला बसले. मोखाड्याच्या बाजाराला डोंगरातली सगळी माणसं येतात, कुणीतरी त्याला पाहिलं असेल. त्यांनी लिहिलं, एक इसम, रंग सावळा, अंगात सदरा, बेपत्ता आहे. मी मोठ्याने वाचलं तशी तांदूळ पाखडणारी आई थांबली.

"हा इसम कोण?" ती म्हणाली. "अहो, एका शब्दावर गेलाय तो. असल्या शब्दांनी परत येईल का?"

वडिलांनी कागद फाडला. नव्या कागदावर बेपत्ता हा शब्द गेला, कारण घरचा पत्ता त्याला ठाऊक होता. पळून गेला असं लिहवेना. तसं ऐकलं तर लोक त्याला चोरासारखं बांधून आणतील. शेवटी उरलं ते एवढंच: कारकुनांचा थोरला घरी यायचा आहे. घरात नवं खाल्लेलं नाही. आमच्याकडे सगळी माणसं पंगतीला असल्याशिवाय नवा तांदूळ कुणी तोंडात घालत नाही, हे डोंगरात कुणाला सांगावं लागत नव्हतं. खाली आणखी एक ओळ होती, बापाचं चुकलं. ती त्यांनी खोडली. दरबारच्या कारकुनाचं चुकलं, असं भर बाजारात कसं ओरडायचं?

काका मोखाड्याला जाऊन दवंडी देऊन आले. त्यानंतर जव्हारच्या बाजाराला आलेल्या अनोळखी बायकाही दारात थांबून विचारत, नवं खाल्लं का. आई नाही म्हणे. त्यांतल्याच एका मोखाड्याच्या बाईने सांगितलं, अनवाणी एक पोरगा डफाशेजारी उभा राहून दवंडी ऐकत होता. काकांचं बोलून झालं तरी तो हलला नाही, अजून काही यायचं असावं असा उभा होता. मग नाशिकच्या वाटेने गेला.

त्या रात्री वडील जेवले नाहीत.

पुढच्या कापणीला ते काकांबरोबर स्वतः मोखाड्याला चालत गेले. काकांनी डफ वाजवला आणि बाजार वळून बघायला लागला, तेव्हा पागोटं काढून हातात घेत वडीलच बोलले, "बापाचं चुकलं. घरी ये." हे मला काकांनी सांगितलं, वडिलांनी कधीच नाही. पण त्या वर्षी डफाशेजारी कुणी उभं नव्हतं.

पुढे कुणाचं माणूस हरवलं की वडील आधी विचारत, घरी त्याला काय हाक मारता? तेच दवंडीत लिहीत. वरिष्ठ कुरकुरत, वडील ऐकत नसत.

आता आई-वडील नाहीत. मला दादाची फार आठवण येते, कापणीच्या दिवसांत तर जास्तच. नवा तांदूळ आला की मी निवडून डब्यात भरते आणि जुना झाल्यावरच शिजवते. नातवंडं वासाने डब्याभोवती घुटमळतात, हा कधी खायचा म्हणून विचारतात. मी सांगते, थोरला घरी यायचा आहे.