डायलॉगचं सेन्सॉर बोर्ड

डायलॉग कुणाचंही बोलणं उचलायचा नाही, मागून घ्यायचा. स्टँडवर कुणी काही खमंग बोललं, की हा पुढे होऊन विचारणार, "काका, हे तुमचं बोलणं मी लिहू का?" समोरचा हो म्हणाला तरच ते वाक्य त्याच्या नाटकात यायचं. साखऱ्याजवळच्या बंजारा तांड्यातला हा माझा वर्गमित्र. खरं नाव शाळेतच मागे पडलं. मीही तेव्हापासून कथा लिहितो. असं विचारत बसलास तर लिहिणार कधी, म्हणून मी त्याची टिंगल करायचो.

मग त्याला मुंबईच्या एका कंपनीची वेबसिरीज लिहायला मिळाली आणि माझी टिंगल बंद झाली. हिंगोलीत जो भेटेल तो मला त्याच्याबद्दल विचारायचा. मी कॉलेजात मराठी शिकवतो, माझेही कथासंग्रह निघालेत, हे कुणाच्या ध्यानातही नसायचं. जळफळाट व्हायचा, खोटं कशाला बोलू.

त्या मालिकेत त्याने होळीची लेंगी घातली. होळीला तांड्यातल्या बाया एकमेकींची नावं घेऊन, शिव्या घालत ही गाणी गातात आणि त्या दिवशी कुणी राग धरत नाही. कंपनीच्या वकिलांनी संहिता वाचून कळवलं, की शिव्या काढा. नाहीतर 'फक्त प्रौढांसाठी' असा शिक्का बसेल, तक्रारी येतील आणि पुढच्या भागांचं काम देणं अवघड होईल. मी त्याला काढून टाक म्हणालो. मनात मात्र होतं, याचं काम गेलं तर बरंच.

तो संहिता घेऊन तांड्यावर गेला, मलाही नेलं. बायांपुढे बसून गाणं वाचलं. शिव्या आल्या तशा बाया पदर तोंडाला लावून हसल्या. एकीने तर एक शिवी दुरुस्त करून दिली. मग सुमन नावाच्या बाईला मूल नसण्यावरची ओळ आली. त्या ओळीत शिवी नव्हती, म्हणून वकिलांनी तिच्यावर हरकत घेतली नव्हती. सुमन समोरच बसली होती.

"ही नको," ती म्हणाली. "होळीत मी उलटून गाते, गाणारीची जिरवते. मोबाईलात मला उलटून गाता येते का?"

ती ओळ डायलॉगची फार लाडकी होती, मला फोनवर दोनदा ऐकवली होती. त्याने ती तिथंच खोडली. शिव्यांचं काय करणार, असं मी त्याला विचारलं.

"बायांची हरकत न्हाई, मग मी काहून काढू? मारू दे त्यांना शिक्का."

शिक्का बसला. लेकरांना अंगणात पिटाळून बायांनी मालिका पाहिली. पुढचे भाग दुसऱ्या लेखकाकडे गेले. डायलॉग मुंबईतच काहीबाही काम शोधत राहिला, आता गावाकडे येणंही जवळजवळ बंद झालंय. मला बरं वाटायला हवं होतं. पण तांड्यावरून परतल्यावर मी माझे संग्रह काढून चाळले होते. कुणी बाईने हात वर करून 'ही नको' म्हणावं, अशी एक ओळ मला सापडली नाही. सुमनला त्याच्या लिहिण्याशी भांडावंसं वाटलं. माझ्या लिहिण्याशी आजवर कुणी भांडलेलं नाही.